जयणा उंबरठ्यापाशीच का थांबते?



पावसाळ्यातल्या पालेभाजीवर मागे लिहिलं तेव्हा किती जणींचे फोन आले! कोथिंबीर चालते का, मेथी वाळवून ठेवली तर कधीपर्यंत वापरायची, पिठाची मुदत पावसाळ्यात किती दिवस धरायची. इतकं बारकाईने विचारलंत की बरं वाटलं. आज तितक्याच बारकाईने दुसऱ्या एका गोष्टीकडे बघायचं आहे. आधीच सांगते, बऱ्याच जणींना ती आवडणार नाही, आणि त्यांच्या घरच्या पुरुषमंडळींना तर मुळीच नाही. ती गोष्ट म्हणजे आपल्या दारासमोरचा रस्ता.

आपण पाणी गाळून पितो. गॅस पेटवायच्या आधी शेगडी पुंजणीने पुंजतो. डाळ-तांदूळ ताटात पसरून निवडतो, पीठ चाळल्याशिवाय मळत नाही. माझ्या सासूबाई मुंग्या लागलेला डबा झटकत नाहीत, एका कडेला ठेवून देतात आणि मुंग्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देतात. त्यासाठी संध्याकाळचा स्वयंपाक अर्धा तास लांबला तरी चालतो, फक्त चोविहाराची वेळ टळता कामा नये. या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, जयणा. मग आपण पर्स उचलतो, लिफ्टने खाली उतरतो, आणि ती जयणा घरातच राहते, खुंटीवर, पुंजणीच्या शेजारी.

खाली काय करतो? गाडीचं एक चाक फूटपाथवर चढवून लावतो, कारण ‘दोनच मिनिटं’. रिव्हर्स घेताना मागे कोण आहे हे बघण्याऐवजी हॉर्न दाबतो. झेब्रा क्रॉसिंगवर एखादी बाई पिशव्या सावरत उभी असली तर ती थांबेल हे आपण धरूनच चालतो, आणि ती बिचारी थांबतेच. मुंगीसाठी अर्धा तास थांबणारं घर माणसासाठी दहा सेकंद थांबत नाही.

मी हे पुण्याबद्दल लिहिते आहे, कारण मला पुणं माहीत आहे. तुम्ही नगरला, नाशिकला, सांगलीला असाल तर तुमच्या गल्लीची नावं घालून वाचा.

आता आपल्या महासतीजींचं बघा. पाच समितींमधली पहिली ईर्या समिती. चालताना पुढची साडेतीन-चार हात जमीन बघत चालायचं, पायाखाली जीव येऊ द्यायचा नाही, हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. पायात काही नाही, वाहन नाही. पाचांतली पहिली समिती चालण्याची आहे, याचा आपण कधी नीट विचार केला आहे का? आपला धर्म चालत आलेला आहे. आठ महिने गावोगावी पायी फिरायचं आणि चार महिने एका जागी थांबायचं, यावर सगळी साधुसंस्था उभी आहे. उद्या या देशात पायी चालणं अशक्य झालं तर प्रवचन कोण देणार, मांगलिक कोण सुनावणार?

आणि नीट समजून घ्या, जो माणूस मुंगी वाचावी म्हणून मान खाली घालून चालतो, त्याला मागून येणारा डंपर दिसत नाही. त्याला वाचवण्याची जबाबदारी डंपरवाल्याची आहे, रस्ता बांधणाऱ्याची आहे, आणि रस्ता अडवणाऱ्याची आहे. विहारातल्या अपघाताची बातमी आपल्या ग्रुपवर येते तेव्हा आपण काय करतो? हात जोडलेली चित्रं पाठवतो. गुणानुवाद सभा घेतो. नवकाराचा जाप ठेवतो. ते सगळं करावंच. पण त्यानंतर कुठल्या संघाने रस्त्याच्या खात्याकडे जाऊन ‘इथे चालायला जागा द्या’ असा अर्ज केलेला मला तरी आठवत नाही.

विहारसेवेची मुलं आहेत, चमकणारी जॅकेटं घालून पहाटे सोबत चालतात. त्यांना मी मनापासून हात जोडते. पण ज्या गावात साध्वीजींना चालायला आठ मुलांचं कडं लागतं, त्या गावात कडं नसलेल्यांचं काय होत असेल? भांडी घासायला चार घरं पायी फिरणाऱ्या बाईसोबत कोण जॅकेट घालून चालतं?

विहार हायवेवर असतो आणि हायवे आपल्या हातात नाही, असं कुणी म्हणेल. ठीक. मग चातुर्मासासाठी महासतीजी शहरात आल्या की त्यांना गोचरीला जायला काय मिळतं ते बघू या. सरळ सपाट फूटपाथ सलग पन्नास पावलं मिळत नाही. सुरुवातीला एक हात उंच चढ. मग पेव्हर ब्लॉक निघालेले, त्यात पाणी, त्यावर शेवाळं. मग विजेचा डीपी. मग एका सोसायटीचा गाड्या आत घेण्यासाठी केलेला उतार, पुन्हा चढ, पुन्हा उतार. मग दुकानाच्या पायऱ्या फूटपाथवर आलेल्या, त्यापुढे कपडे घातलेले पुतळे, त्यापुढे मालकाची गाडी. शेवटी त्या खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालतात, आणि आपण म्हणतो, ‘रस्त्याच्या मधून कशाला चालायचं, फूटपाथ आहे ना?’

यातलं डीपी आणि शेवाळं महापालिकेचं. पायऱ्या, पुतळे आणि गाड्या कुणाच्या? मैत्रिणींनो, बाजारपेठेतल्या पाट्या वाचत जा. निम्म्याअधिक आडनावं तुमच्यामाझ्या नात्यातली निघतील.

सडक परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज ९०. ती काही कुठे भांडायला निघाली नव्हती. दूध आणायला, कामावर, शाळेत, देवदर्शनाला निघाली होती. अहिंसेवर बोलताना आपण कत्तलखान्यांबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण या ९० पंचेंद्रिय जीवांबद्दल आपल्या एकाही व्यासपीठावरून मी एक वाक्य ऐकलेलं नाही.

आता एक घरगुती गोष्ट सांगते. नाव, गाव, स्थानक काही सांगणार नाही, कारण मला कुणाला दोषी ठरवायचं नाही, मला एक वाक्य पकडायचं आहे. आमच्या ओळखीच्या एक काकीजी, वय ७२. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला पायी जायच्या. घरापासून सात-आठ मिनिटांचं अंतर. पर्युषणातला दिवस, बाहेर दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या, फूटपाथ भरलेला, म्हणून त्या गाड्यांच्या मागून चालल्या होत्या. आपल्याच एका श्रावकाने गाडी मागे घेतली. वेग काहीच नव्हता. पण त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आज त्या वॉकर घेऊन घरात फिरतात. जमिनीवर बसून सामायिक करणं संपलं, प्रतिक्रमणाला जाणं संपलं. पन्नास वर्षांची सवय होती ती.

त्यांना भेटायला जी जी माणसं आली, त्यातल्या बहुतेकांनी एकच वाक्य म्हटलं: ‘कर्माचा उदय, दुसरं काय!’

मला या वाक्याचा राग येतो. कर्मसिद्धांतावर माझी श्रद्धा आहे म्हणूनच येतो. काकीजींच्या अशाता वेदनीय कर्माचा उदय झाला असेल, तो त्यांचा हिशोब, आणि त्यांनी तो ज्या समतेने घेतला ते पाहून मी खाली मान घातली. पण निमित्त कोण झालं? निमित्त होणाऱ्याचा हिशोब वेगळ्या वहीत लिहिला जातो, आणि तो जुना नसतो, आजच्या तारखेचा असतो. मुंगी मेली तर आपण म्हणतो का, तिच्या कर्माचा उदय? नाही, आपण मिच्छामि दुक्कडं म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त बघून चालतो. मग काकीजींच्या बाबतीत कर्माचा उदय आणि मुंगीच्या बाबतीत आपली चूक, हा न्याय कुठून आला? मला तर वाटतं मुंगी आपल्याला काही करायला लावत नाही, म्हणून तिची चूक आपण आनंदाने पत्करतो. काकीजींची पत्करली तर गाडी लांब लावावी लागते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे. त्यात प्राण घेण्याच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो. बेसावधपणा हाच हिंसेचा उगम, असं आपले आचार्य सांगून गेले. ‘मुद्दाम थोडंच केलं’ ही सबब त्यांनी तिथेच बंद केली आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांमधलं आठवं व्रत अनर्थदंड विरमण. विनाकारण होणारी हिंसा टाळायची. त्याच्या प्रकारांमध्ये प्रमादाचरित आहे आणि हिंसाप्रदानही आहे, म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हातात देणं. पाठशाळेत आपल्याला सुरी, कुऱ्हाड, शस्त्र अशी उदाहरणं शिकवली. आज त्यात मी एक घालते. दहावीतल्या, परवाना नसलेल्या मुलाच्या हातात दिलेली गाडीची चावी. ‘क्लास लांब आहे, बस मिळत नाही, काय करणार?’ हे मी आपल्याच घरांमध्ये ऐकलं आहे, काही वेळा कौतुकाने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेलं १९९ अ कलम सांगतं की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले आणि गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असं समोर आलं, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपांवर किती संताप होता. त्याच आठवड्यात आपल्या इमारतीखालून किती मुलं विनापरवाना स्कूटर घेऊन बाहेर पडली, ते कुणी मोजलं?

आणखी एक. आपल्यापैकी कित्येक जणी रोज चौदा नियम धारतात. सचित्त, द्रव्य, विगई सगळं मोजून. त्यात आठवा नियम वाहनाचा आहे, हे ध्यानात आहे ना? द्रव्य पंधरा ठेवायचे की बारा, यावर आपण विचार करतो, आणि वाहनाच्या रकान्यात डोळे मिटून ‘चार’ म्हणतो, म्हणजे सगळी सूट. स्थानक सहाशे मीटरवर. रिक्षा, नवऱ्याची गाडी, मुलाची गाडी, येताना शेजारणीची. आचार्यांनी हा नियम कशासाठी ठेवला असेल? बैलगाडीच्या काळातही त्यांना कळत होतं की वाहनाखाली जीव जातो आणि वाहन गरजेपेक्षा जास्त वापरलं जातं.

गुडघे दुखतात त्यांनी गाडीनेच यावं, त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. उलट त्यांच्यासाठी दाराशी जागा मोकळी पाहिजे, म्हणूनच बाकीच्यांच्या गाड्या तिथे नकोत.

आता यावर येणारे आक्षेप. घरातल्या जेवणाच्या टेबलावर मी ते सगळे ऐकलेले आहेत.

‘रस्ते रुंद करा, सगळं आपोआप सुटेल.’ कुठे सुटलं? पुण्यात रस्ता रुंद झाला की पहिल्यांदा झाडं जातात, मग फूटपाथ बारीक होतो, मग गाड्या जोरात धावतात, आणि ओलांडायचं अंतर वाढतं. सिग्नलचा हिशोब करताना माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. बारा मीटरच्या रस्त्याला दहा सेकंद. नववारीतली आजी किंवा अठ्ठाईचा सातवा दिवस असलेली तपस्वी बाई या वेगाने चालते का? ती मध्यावर असते तेव्हा तिकडून गाड्या सुटतात. आणि वेगाचं गणित शाळेतलंच आहे. गाडी तीसऐवजी पन्नासच्या वेगाने आली तर वेग पावणेदोन पटही वाढलेला नसतो, पण तिच्या धडकेतली शक्ती पावणेतीन पट होते. गल्लीत तीसच्या वर गाडी जाऊच नये अशी रचना करणं, हा त्यावरचा उपाय. चौकाचं वळण आवळायचं, क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचलून घ्यायचं, म्हणजे गाडीने चढायचं आणि माणसाने सरळ चालायचं. आज नेमकं उलट आहे. गाडी सपाट जाते आणि आजी चढउतार करते.

‘भाजीवाल्यांनी आणि हातगाड्यांनी फूटपाथ खाल्ला आहे.’ काही ठिकाणी खाल्ला आहे, खरं. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, जागा ठरवून द्यायला हव्यात, आणि त्यांच्या मागून चालायला वाट राहायला हवी. पण भाजीवाली दोन पाट्या घेऊन बसते आणि तिच्याकडून भाजी घ्यायला आपणच उभ्या असतो. एक मोटार लावायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत चार भाजीवाल्या बसतील आणि त्यांच्या पोरांना खेळायला जागा उरेल. अतिक्रमणाची गाडी आली की भाजीवालीच्या पाट्या उचलते, मोटारीला हात लावत नाही. आपण त्यावर टाळ्या वाजवतो, हे मला बघवत नाही.

‘गाड्या लावायला जागा नसेल तर धंदा बुडेल.’ हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीरपणे घेते, कारण माझंही घर दुकानावर चालतं. तर दुकानदाराच्या भाषेतच बोलू. दुकानासमोरच्या त्या साडेबारा मीटरमध्ये सकाळी दहाला मालकाची गाडी लागते आणि रात्री नऊला निघते. अकरा तासांत तिथून किती गिऱ्हाईक झालं? शून्य. आणि खरेदीला येतं कोण? बायका. त्या काय गाडीत बसून साडी निवडतात? त्या एका दुकानातून दुसऱ्यात चालत जातात, आणि जितकं निवांत चालता येईल तितकी दुकानं जास्त होतात.

११ डिसेंबर २०२१ ला पुणे महापालिकेने पहिला पादचारी दिन केला. लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा एक दिवस गाड्यांना बंद. मग पुढच्या वर्षांतही तो झाला. ज्या तिथे गेल्या असतील त्यांना आठवत असेल, लक्ष्मी रस्त्याला आवाज असतो तो माणसांचा असू शकतो हे त्या दिवशी कळलं. बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून गप्पा मारत होत्या. लहान मुलाचा हात सोडून चालता येत होतं. वर्षातून एक दिवस! आणि त्या एका दिवसाबद्दलही कुरकुर करणारे होतेच.

‘रस्ता बंद करता येत नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, चातुर्मास प्रवेशाची मिरवणूक निघते तेव्हा कसा होतो? दोन तास बँडसकट, पोलीस बंदोबस्तासकट होतो. आपल्या समाजाचा शब्द चौकीत चालतो, नगरसेवकाकडे चालतो, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तो शब्द आपण मिरवणुकीसाठी वापरतो, फूटपाथसाठी कधी वापरलाच नाही.

‘आणि सायकल? सायकल आता कोण चालवतं?’ तुमच्या इमारतीचा रखवालदार चालवतो. दुकानातला माल पोचवणारा मुलगा चालवतो. पहाटे पेपर टाकणारा चालवतो. ते आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, आणि त्या सायकलींवर आपलेच आजोबा होते, धोतराला क्लिप लावून पेठेतल्या दुकानात जाणारे. आज सायकल ट्रॅकच्या नावाने लाल-हिरवा पट्टा रंगवलेला असतो, त्यावर टेम्पो उभा असतो, आणि पट्टा मध्येच एका झाडाशी किंवा बसथांब्याशी संपतो. पुढे काय, उडी मारायची? २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याआधी २०१६ साली पादचारी धोरण झालं. कागद उत्तम आहेत. जंगली महाराज रस्त्यावर त्यातलं काही उतरलेलं दिसतं, रुंद फूटपाथ, बसायला बाक, झाडं वाचवून केलेली वाट. म्हणजे करता येतं. त्यावरून दुचाकी नेणारेही दिसतात, पण तो दोष फूटपाथचा नाही.

हक्काचं म्हणाल तर तोही मिळालेला आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळा नसलेला, दिव्यांगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, आणि त्याची उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त नको असंही. दीडशे मिलिमीटर म्हणजे आपली एक वीत, तीही सैल नाही. घराबाहेरच्या फूटपाथला एकदा वीत लावून बघा. गुडघे का दुखतात ते कळेल.

हे सगळं पुरुषांच्या भरवशावर का सोडायचं नाही, ते सांगते. घरातली मोटार बहुतेक वेळा ते चालवतात. पायी आपण चालतो. मुलाला पाठशाळेत सोडणं, भाजी, दवाखाना, महासतीजींचं दर्शन, सासूबाईंना हात धरून नेणं. रस्ता कसा आहे हे आपल्या तळपायांना माहीत आहे, आणि ट्रस्टच्या बैठकीत तळपाय नसतात.

नेदरलँड्सचं नाव सायकलीसाठी सगळे घेतात, जणू ते लोक जन्मतःच तसे होते. तसं नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यातली चारशेवर मुलं होती. त्यातून जी चळवळ उठली तिचं नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असं होतं. तिच्यात आया पुढे होत्या. जिथे अपघात होतात त्या जागा त्यांनी अडवल्या, गल्ल्या बंद करून मुलांना खेळायला दिल्या, रस्त्यात टेबलं मांडून जेवणं केली. त्याच दशकात तेलाची टंचाई आली, रविवारी गाड्या बंद राहिल्या, आणि लोकांना दिसलं की असंही जगता येतं. मग सरकारला रस्ते बदलावे लागले. आपण दर वर्षी संघाचं स्वामीवात्सल्य हजारोंच्या पंगतीने करतो, पाणी सांडू न देता, ताटात कण उरू न देता. आपल्याला एक गल्ली सांभाळता येणार नाही?

मला काय हवं आहे ते सरळ सांगते. संपूर्ण पुणं सुधारायला मी निघालेली नाही. स्थानकाच्या दारापासून दोन्ही बाजूंना शंभर पावलं. चातुर्मासाचे चार महिने प्रवचनाच्या आणि प्रतिक्रमणाच्या वेळी त्या शंभर पावलांत एकही गाडी उभी राहणार नाही, फक्त आजारी आणि वृद्धांना सोडायला येणारी येईल आणि जाईल. ‘वाहने शिस्तीत लावा’ असा बोर्ड नको, तो आहेच, त्याच्याखालीच गाड्या असतात. त्यापेक्षा दारात दोन श्राविका उभ्या राहू, पाळीपाळीने. बघू कोण आपल्यासमोर फूटपाथवर चाक चढवतं. गाड्यांसाठी मंगल कार्यालयाचं आवार दिवसा रिकामंच असतं, तिथून चार मिनिटं चालायचं.

दुसरं, ज्यांची दुकानं आहेत त्यांनी घरी बोलायचं. मालकाची आणि कामगारांची गाडी दुकानासमोर नाही. पायऱ्या आत घ्यायच्या. हे मी आमच्या घरी बोलले आहे आणि पुतळे आत गेले आहेत. पायऱ्यांवर अजून चर्चा चालू आहे, त्याचा निकाल पुढच्या वेळी कळवीन.

तिसरं, चातुर्मासापुरता वाहनाचा नियम खरा धरायचा. एक किलोमीटरच्या आत जाणं असेल आणि पाय धड असतील तर वाहन नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला चावी नाही, यावर मात्र चातुर्मासाची मुदत नाही.

चौथं, महापालिकेकडे मागायचं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. फूटपाथ दुरुस्ती, बाक, क्रॉसिंग अशी छोटी कामं त्यातून मागता येतात. आपल्यातल्या कितीजणींना हे ठाऊक होतं? मी एक अर्ज लिहून ठेवला आहे. स्थानकापासून पाठशाळेपर्यंतचा फूटपाथ सलग आणि एका पातळीचा, मधल्या चौकात उचललेलं क्रॉसिंग, आणि डीपीच्या जागी तीन फूट वाट. सोबत वीत लावून मोजलेल्या उंचीची यादी जोडली आहे, तेरा ठिकाणांची. सर्वांत उंच ठिकाण अडीच वितींचं निघालं, आणि ते एका दवाखान्याच्या दारात आहे.

अर्जावर सह्या हव्या आहेत. येत्या रविवारी प्रवचन सुटल्यावर मी चपलांच्या मांडणीजवळ टेबल घेऊन बसणार आहे, साडेअकरापर्यंत. सासूबाईंना घेऊन या, त्यांची सही आधी. नवरे आले तरी हरकत नाही, फक्त गाडी कुठे लावली ते मी विचारणार.